उस्तुकान म्हणतो: तयार आहे

बिश्केक, ३० सप्टेंबर

प्रिय कुबात,

फोनवर तू मोठ्या बहिणीशी "हो एजे, बरं एजे" एवढंच बोलतोस आणि मोकळा होतोस, म्हणून ईमेल लिहितेय. उत्तरही लिहूनच हवंय. नुसता अंगठा दाखवणारं चित्र पाठवलंस तर मावशीला सांगेन.

बातमी अशी की तुझा प्रोग्रॅम उस्तुकान आमच्या ऑफिसात आला आणि सगळ्यांच्या गळ्यातला ताईत झाला. आमच्या टेस्टिंगच्या खोलीत आजवर काय चालायचं ते तुला माहीत आहे. खरं काम ज्या सर्व्हरवर चालणार, त्याचीच व्हर्जन चाचणीला घ्यायची, एवढी साधी गोष्ट. पण एकाच्या कॉम्प्युटरवर मागच्या वर्षीची पडलेली, दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर त्याच्याही आधीची, आणि मग "माझ्याकडे तर चालतंय" म्हणून दिवसभर कडाक्याची भांडणं. आता कॉम्प्युटरच्या काळ्या खिडकीत एक ओळ टाइप करायची: उस्तुकान, आणि पुढे व्हर्जनचा आकडा. तो ती शोधून आणतो, जागेवर मांडतो आणि म्हणतो, "तयार आहे". भांडणं बंद!

मी काय गप्प बसणार होते? मीटिंगमध्ये सांगून टाकलं, हे माझ्या सख्ख्या मावशीच्या मुलानं केलंय, तेही काराकोलमध्ये घरी बसून, फुकट. ताबिल्दी साहेबांनी भुवया वर केल्या. झिनाइदा पाव्लोव्ना आमच्यातल्या सगळ्यात जुन्या, नवीन काही आलं की आधी नाक मुरडतात. त्यासुद्धा म्हणाल्या, "बुरुल, भाऊ कामाचा आहे तुझा." आता त्याच सगळ्यात जास्त वापरतात.

सध्या हातात मोठं काम आहे. डोंगरातल्या एका जिल्ह्याच्या रुग्णवाहिका आमच्या प्रोग्रॅमवर चालणार आहेत. फोन आला की पत्ता थेट जवळच्या गाडीच्या ड्रायव्हरपुढे. २१ ऑक्टोबरला सुरू होईल. सर्व्हर नवीन, म्हणून सगळी चाचणी नव्या व्हर्जनवर करायची आहे.

एक विचारायचं होतं. मागच्या आठवड्यात इमारतीचं नेट गेलं होतं. मी गंमत म्हणून उस्तुकानकडे ती नवी व्हर्जन मागितली, तर पापणी लवायच्या आत "तयार आहे"! नेट नसताना कुठून आणलीस रे? जादू शिकलास की काय?

तुझ्या बाबांच्या साठीला नोव्हेंबरात येतेच आहे. मावशीला म्हणावं, बोर्सोक माझ्या हातचे तळलेले.

तुझी एजे,
बुरुल


काराकोल, ३ ऑक्टोबर

बुरुल एजे, सलाम.

तुझं पत्र आईनं माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. दुसऱ्यांदा शेजारची बायकामंडळी बोलावून. आता बाजारात आश्ल्यान-फूच्या गार शेवया खायला गेलो तर विकणारी बाई विचारते, "बिश्केकची रुग्णवाहिका तूच चालवतोस ना?" मी म्हणतो, हो, गाडीचं लायसन्स नाही एवढंच.

खरं सांगू का, बरं वाटलं. अल्माटीची नोकरी गेली आणि मी बॅग घेऊन परत आलो, तेव्हापासून घरात माझ्याबद्दल कोणी काही बोलत नव्हतं. बोलत नव्हतं म्हणजे मी खोलीत आलो की बोलणं थांबत होतं. बाबा पाहुण्यांना सांगायचे, "कुबात थोडा आराम करतोय." आरामाला दीड वर्ष झालं. उस्तुकान हे मी केलेलं एकच काम, जे कोणीतरी मागून घेतं.

नाव कसं सुचलं ते तुला सांगायला नको. पातेल्यातून मेंढीचं मांस बाहेर आलं की कोणता उस्तुकान, म्हणजे कोणतं हाड, कोणाच्या ताटात, हे ज्याला ठाऊक तोच खरा यजमान. म्हाताऱ्याला कमरेचं जाम्बाश, त्याच्या खालच्याला नळीचं काश्का जिलिक, जावयाला त्याचं, सुनेला तिचं. हाड चुकलं की माणूस दुखावला. मला वाटलं, प्रोग्रॅमचंही तसंच असतं, प्रत्येकाला त्याची-त्याची व्हर्जन हवी. तू विचारलेल्या जादूबद्दल: एकदा आणलेलं तो घरातच साठवून ठेवतो, म्हणून पटकन देतो. दारी आलेल्याला रिकाम्या हातानं पाठवायचं नाही, एवढा एकच संस्कार मी त्याला दिलाय.

अजून एक गंमत. बाबांचे भाऊ ओमोर काका, त्यांनी आईला सांगितलंय की साठीला मांस वाटताना कुबातला काश्का जिलिक देणार. माझ्या वयाच्या माणसाला! आईनं हे सांगताना चेहरा असा ठेवला की जणू काही विशेष नाही, पण त्या दिवशी तिनं भात करपवला.

तुझा कुबात


बिश्केक, २४ ऑक्टोबर

कुबात,

इकडे काय झालं ते तुझ्या कानावर आलं असेल किंवा नसेल. बातम्यांत आमच्या ऑफिसचं नाव आलं नाही, नशीब.

सोमवारी काम सुरू झालं. दुपारपर्यंत सगळे टाळ्या पिटत होते. संध्याकाळी एका हिवाळी वस्तीवरून फोन आला, मेंढपाळाच्या सुनेला कळा सुरू झाल्या होत्या. आमच्या प्रोग्रॅमनं पत्ता पाठवला, पण अर्धाच. गावाचं नाव गेलं, वस्तीचं गळालं. गाडी गावच्या चौकात जाऊन उभी राहिली आणि ड्रायव्हर दारोदार विचारत फिरला. वस्ती तिथून कुठल्या कुठे, खिंडीच्या पलीकडे. शेवटी सासऱ्यानं सुनेला गवताच्या ट्रकमध्ये घातलं. मूल ट्रकमध्येच झालं. दोघं सुखरूप आहेत. पण बाईनं त्या थंडीत गवतावर काय सोसलं असेल, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. त्यानंतर अजून तीन गाड्या अशाच भलत्या ठिकाणी गेल्या, तेव्हा कुठे आम्ही प्रोग्रॅम बंद केला.

कारण सापडलं. पत्ता आम्ही जुन्या पद्धतीनं पाठवत होतो, नवा सर्व्हर त्यातला शेवटचा तुकडा घेतच नाही. चाचणी नव्या व्हर्जनवर झाली असती तर पहिल्या तासात कळलं असतं. म्हणजे शेवटची चाचणी जुन्या व्हर्जनवर झाली. आणि ती केली झिनाइदा पाव्लोव्नांनी.

काल मीटिंग झाली. त्या उभ्या राहून म्हणाल्या, "मी नवीच मागितली होती. त्यानं 'तयार आहे' म्हटलं." सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण उस्तुकान मी आणलेला. मी म्हणाले, "मागितली असेल तर नवीच मिळाली असणार. टूल चुकत नाही. ते माझ्या भावाचं आहे, मी त्याला ओळखते." त्या खाली बसल्या. ताबिल्दी साहेबांनी १५ नोव्हेंबर हा त्यांचा शेवटचा दिवस ठरवला. निवृत्तीला थोडंच राहिलं होतं त्यांच्या. रुग्णवाहिका चुकवणारी बाई म्हणून आता दुसरीकडे कोण उभं करणार?

तू मला एकदा स्पष्ट लिही. उस्तुकान जुनी व्हर्जन देऊन वर "तयार आहे" म्हणू शकतो का? मला माहीत आहे तो तसं करणार नाही. पण तुझ्या हातचं उत्तर असलं की मला झोप लागेल.

बुरुल


काराकोल, २६ ऑक्टोबर

बुरुल एजे, सलाम.

फार वाईट वाटलं. बाई आणि बाळ ठीक आहेत हे वाचून देवाचे आभार मानले.

नाही, एजे, उस्तुकान असं काही करत नाही. मी परत सगळं तपासून बघतोय, पण तू काळजी करू नकोस. कधीकधी माणसाच्या हातून आकडा चुकीचा टाइप होतो, वय झालं की होतंच.

इकडे सरोवराकडून जोराचा वारा सुटलाय. आईचे गुडघे पुन्हा दुखायला लागलेत, तरी ती साठीची तयारी सोडत नाही. बाबांनी मेंढ्या बघून ठेवल्या, एकीचा पाय थोडा लंगडा वाटला म्हणून बदलून घेतली. तंबू ओमोर काकांच्या अंगणात लावायचा की आमच्या, यावरून दोघे भाऊ दोन दिवस बोलत नव्हते, आता बोलतात. सफरचंदं यंदा बारीक आलीत, पण गोड आहेत, तुझ्यासाठी एक पेटी काढून ठेवलीय. मांजर परत व्यालं.

हां, उस्तुकानची नवीन आवृत्ती टाकलीय. किरकोळ सुधारणा आहेत. जमलं तर सगळ्यांनी घेऊन ठेवा.

तुझा कुबात


बिश्केक, १२ नोव्हेंबर

कुबात,

तुझं पत्र आलं तेव्हा मला झोप लागली. चांगली लागली, आठवडाभर. मग एकदा डोक्यात आलं की मी गुडघ्याचं विचारलं नव्हतं, मेंढीचं विचारलं नव्हतं, मांजराचं तर मुळीच नाही. तू लहानपणापासून असाच आहेस. खोटं बोलायचं असलं की तुझं तोंड चालू होतं.

काल सगळे जेवायला गेल्यावर मी दोन कॉम्प्युटर शेजारी-शेजारी ठेवले. एकावर तुझा जुना उस्तुकान, दुसऱ्यावर "किरकोळ सुधारणा" केलेला. दोन्हींवर सर्व्हरची जुनीच व्हर्जन होती. नेटच्या वायरी काढल्या आणि दोघांकडे नवी मागितली. जुना म्हणाला, "तयार आहे". उघडून बघितलं, तर खाली जुनीच. नवा म्हणाला, "नाही मिळालं".

झिनाइदा पाव्लोव्नांनी चाचणी केली त्या दिवशी आमच्या मजल्यावरचं नेट येत-जात होतं. म्हणजे त्या खरं बोलत होत्या, शब्दन् शब्द. त्यांनी नवीच मागितली होती आणि त्यानं "तयार आहे" म्हटलं होतं. तुला २६ तारखेला हे ठाऊक होतं. तू गुपचूप भोक बुजवलंस आणि मला लिहिलंस की वय झालं की आकडा चुकतो.

मी तुला चांगलंच सुनावणार होते. रात्रभर मनात शिव्या जुळवत होते. पण लिहायला बसले आणि हात थांबला, कारण त्यातल्या निम्म्या शिव्या मलाच लागतात. सप्टेंबरात नेट नसताना त्यानं "तयार आहे" म्हटलं, तेव्हाच मला शंका आली होती. टेस्टिंगमध्ये माझं अर्धं आयुष्य गेलं, कुबात. नेटशिवाय जी वस्तू येऊच शकत नाही ती आली, तर आधी झाकण उघडून बघायचं, हे मी नवीन मुलींना शिकवते. मी उघडलं नाही. कारण आदल्याच दिवशी मी मीटिंगमध्ये छाती फुगवून तुझं कौतुक केलं होतं. आतून काही भलतंच निघालं असतं तर मी तोंड कुठे लपवलं असतं? म्हणून तुला विचारलं, तेही कौतुकात गुंडाळून, म्हणजे तुला नाही म्हणायची पाळी येऊ नये आणि मला ऐकायची.

आणि त्या मीटिंगमध्ये मला ती शंका आठवली होती. बोलायला तोंड उघडलं तेव्हा आठवली होती. तरी मी म्हणाले, टूल चुकत नाही.

ताबिल्दी साहेबांना अजून काही सांगितलेलं नाही. आज दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेले. शुक्रवारी झिनाइदा पाव्लोव्ना जाणार. आता तू सांग.

बुरुल


काराकोल, १३ नोव्हेंबर

एजे,

काय लिहू. तुझं पत्र वाचून घराबाहेर पडलो, घोडेबाजाराच्या मैदानापर्यंत जाऊन परत आलो. मला स्वतःची किळस येतेय.

हे चुकून झालं नाही, एजे, मी मुद्दाम तसं केलं होतं. सुरुवातीला उस्तुकान "नाही" म्हणायचा. मागितलेलं मिळालं नाही की सरळ "नाही" म्हणून थांबायचा. पण तो वापरणारे दूरदेशीचे लोक मला लिहायचे, तुझं टूल फालतू आहे, काही देत नाही, नुसतं नाही म्हणतं. मला ते वाचून इतकी लाज वाटायची की जणू पाहुणे आमच्या दारातून उपाशी परत चाललेत. आणि मग तुझ्या लग्नातलं जाम्बाश आठवलं.

तुला आठवतं ना? नवऱ्याकडचे तिघे म्हातारे आले आणि जाम्बाश दोनच. मी ताटं घेऊन उभा, घाम फुटलेला. आईनं एक क्षण विचार केला, फऱ्याचं, म्हणजे खांद्याचं साधं हाड घेतलं, वर भरपूर मांस रचलं, चरबीचा तुकडा ठेवला आणि मला म्हणाली, "दे आणि हस." मी दिलं आणि हसलो. म्हाताऱ्यानं मांस बाजूला केलं, हाड बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि मुकाट्यानं खाल्लं. आपण ही गोष्ट दरवर्षी सांगतो, पोट धरून हसतो, सगळे म्हणतात आईनं घराची अब्रू राखली. मी उस्तुकानला तेच शिकवलं. मागितलेलं नसेल तर जवळचं दे, आणि हस.

फरक एवढाच की म्हाताऱ्याला हाड दिसत होतं. झिनाइदा पाव्लोव्नांना दिसत नव्हतं.

मी सगळं कबूल करणार आहे. साहेबांना लिहीन, टूलच्या पानावर सगळ्यांना दिसेल असं लिहीन. फक्त एक मागतो. शनिवारी बाबांची साठी आहे. ओमोर काका सगळ्यांसमोर मला काश्का जिलिक देणार. आईनं अर्ध्या काराकोलला सांगून ठेवलंय. बाबा दीड वर्षात पहिल्यांदा माझ्याबद्दल मान वर करून बोलतात. एवढा एक दिवस जाऊ दे, एजे. रविवारी लिहितो. रविवारपर्यंत थांबलं तर असं काय बिघडणार?

कुबात


बिश्केक, १५ नोव्हेंबर

कुबात,

त्या आज गेल्या.

टेबलावरची कुंडी, चहाचा कप आणि पाठीला लावायची उशी एका खोक्यात भरली. प्रत्येकाशी हात मिळवला. नवीन मुली रडल्या. माझ्यापाशी आल्या आणि म्हणाल्या, "बुरुल, खोकं जड आहे, जरा धरतेस?" बाकी कोणाला नाही, मला. मी खोकं धरून त्यांच्यासोबत बसस्टॉपपर्यंत गेले. वाटभर एकच वाक्य माझ्या तोंडात होतं. स्टॉपवर उभं राहिल्यावर तोंड उघडलं आणि म्हणाले, "थंडी वाढली नाही का." त्या म्हणाल्या, "हो, वाढली." मग बस आली.

रविवारपर्यंत थांबलं तर काय बिघडणार, असं तू विचारलंस. हे बिघडलं. जाताना त्या आमच्या सगळ्यांच्या नजरेत खोटारड्या होत्या, आणि खऱ्या आहेत हे माहीत असलेली एकटी बाई त्यांचं खोकं धरून थंडीबद्दल बोलत होती. तुझ्यावर राग काढायचा मला काही हक्क उरलेला नाही. तू शनिवारसाठी थांबलास, मी तर कशासाठी थांबले तेही मला नीट सांगता येत नाही. बहुतेक तू आधी बोलशील म्हणून.

मी साठीला येत नाही. मावशीला सांग, माझ्या मुलाला ताप आहे. नको, सांगू नकोस, आणखी एक खोटं नको. सांग की बुरुलला तोंड दाखवायला लाज वाटते. कारण विचारलं तर तुझं तू ठरव.

बुरुल


काराकोल, १७ नोव्हेंबर

एजे,

तुझ्या मावशीनं विचारलं. "बुरुल का नाही आली?" मी म्हणालो, गाडी मिळाली नाही. घाबरटपणा माझ्या अंगातून इतक्यात जाणार नव्हता.

तंबू आमच्याच अंगणात लागला. पाहुणे भरपूर. बाबांनी नवीन काल्पाक टोपी घातली होती आणि सतत ती सारखी करत होते. हात धुऊन झाले, मांसाची ताटं आली. ओमोर काका वाटायला बसले. आधी म्हाताऱ्यांची जाम्बाश. मग त्यांनी काश्का जिलिक उचललं आणि ते म्हणाले, "हे हाड आम्ही मोठ्यांचं. आज आमच्यातल्या एका तरुणाला देतोय. या पोरानं काराकोलात बसून बिश्केकला शहाणं केलं." लोक हसले, टाळ्या वाजल्या. ताट हातोहात सरकत माझ्यापुढे आलं.

मी ते हाड बघितलं, एजे. त्यावर मांस रचलेलं नव्हतं. स्वच्छ, खरंखुरं काश्का जिलिक होतं. आणि त्याच्यापुढे मी बसलो होतो, फऱ्याचं हाड, वर चरबीचा तुकडा ठेवलेला.

मी ताट परत सरकवलं. म्हणालो, "काका, हे माझं नाही." काकांना वाटलं मी लाजतोय. म्हणाले, "घे रे, मुली बघताहेत." मी उभा राहिलो. सगळं सांगितलं, जमेल तसं. माझ्या प्रोग्रॅमनं नसलेली वस्तू "तयार आहे" म्हणून सांगितली, एक बाई गवताच्या ट्रकमध्ये बाळंत झाली, दुसरी नोकरीवरून गेली, आणि मला हे माहीत असून मी आजचा दिवस पार पडावा म्हणून गप्प बसलो.

बाबांनी काल्पाक काढून मांडीवर ठेवली. आई उठली, माझ्यापुढचं ताट उचललं आणि बाहेर गेली. मला वाटलं, संपलं. ती परत आली तेव्हा ताटात पुढच्या पायाचं छोटं हाड होतं, माझ्या वयाच्या पोरांना देतात ते. माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाली, "हे तुझं आहे. खा." आवाज चिरका होता. मग ती चुलीपाशी जाऊन बसली आणि रात्री सगळे जाईपर्यंत तंबूत आली नाही. बाबा अजून माझ्याशी बोललेले नाहीत. शेजारी मात्र भरपूर बोलताहेत.

मी खाल्लं ते हाड. सगळं खाल्लं.

आज सकाळी ताबिल्दी साहेबांना लिहिलं. झिनाइदा पाव्लोव्नांना वेगळं लिहिलं. टूलच्या पानावर सगळ्यात वर टाकलं की जुनी आवृत्ती खोटं बोलते, तिच्यावर केलेली प्रत्येक चाचणी परत करा. दुपारपर्यंत शिव्यांचा पाऊस पडला. वस्तू नसताना जिथे उस्तुकान "तयार आहे" म्हणायचा, तिथे आता ही ओळ येते: "मागितलेलं माझ्याकडे नाही. जवळचं हे आहे. हवं असेल तर सांगा." ही एक ओळ लिहायला माझा अर्धा दिवस गेला.

कुबात


बिश्केक, १ डिसेंबर

प्रिय कुबात,

साहेबांनी तुझं पत्र उघडायच्या आत मी त्यांच्याकडे पोचले, म्हणजे सोमवारी सकाळी, ते कोट काढत असताना. निदान तेवढं केलं. मीटिंगमधली शंकाही सांगितली. त्यांनी कोट खुंटीला लावला. मग म्हणाले, "तुमच्या घराण्यानं मला एका वर्षात पुरेसं दिलं." टेस्टिंगची प्रमुख मी आता नाही. नवीन मुलींच्या रांगेत, खिडकीपाशी बसते. योग्य झालं. सगळ्यांसमोर उभं राहून त्यांनी झिनाइदा पाव्लोव्नांचं नाव स्वच्छ केलं आणि त्यांना परत या म्हणून फोनही केला. त्या म्हणाल्या, विचार करते.

काल मी त्यांच्या घरी गेले. जुन्या वस्तीत, चौथा मजला, लिफ्ट बंद. दार उघडून त्यांनी मला बघितलं आणि आत घेतलं. ती कुंडी स्वयंपाकघराच्या खिडकीत होती. तुझं पत्र टेबलावर, छापून घेतलेलं. म्हणाल्या, "भावानं नीट लिहिलंय. चुका आहेत, पण नीट लिहिलंय."

मी बसले नाही. उभ्यानंच बोलले, बसले असते तर बोलणं झालं नसतं. सांगितलं की मला शंका होती, मीटिंगमध्येही होती आणि बसस्टॉपवर तर नुसती शंका नव्हती, खात्री होती. त्या म्हणाल्या, "ते मला आधीच कळलं होतं. तू सकाळपासून काहीतरी सांगायचं राहिल्यासारखी वावरत होतीस. म्हणूनच खोकं तुझ्या हातात दिलं होतं, म्हटलं वाटेत सांगेल." मला रडू आलं. इतकं की नाक पुसायला त्यांनीच टॉवेल दिला. मी म्हणाले, "झिनाइदा पाव्लोव्ना, मला माफ करा."

त्यांनी किटली गॅसवर ठेवली, दोन कप काढले, एक परत आत ठेवला, पुन्हा काढला. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ते माझ्याकडे नाही, बुरुल. आत्ता तरी नाही. चहा आहे. हवा असेल तर सांग."

मी म्हणाले, हवा आहे.

तुझी एजे,
बुरुल